चिकटणे वेगळे, चेतवणे वेगळे

पेशीला वाढीचा संदेश कसा मिळतो हे समजावताना पाठ्यपुस्तके कुलूप-किल्लीचे चित्र काढतात. पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही नावाचे प्रथिन कुलपासारखे बसलेले असते. रक्तातून किंवा शेजारच्या पेशीकडून आलेला वृद्धिघटक किल्लीसारखा त्यात शिरतो आणि पेशी विभागू लागते. चित्र सोपे आहे, पण त्यात दोन घटनांची गल्लत होते. किल्ली बसणे ही एक घटना आणि कुलूप उघडणे ही दुसरी. वृद्धिघटक ग्राहीला चिकटला म्हणजे ग्राही चेतवला गेलाच असे नाही, आणि चेतवण्याची सारी क्षमता ग्राहीच्याच अंगी असते, हे जीवशास्त्राला साधारण १९७५ ते १९८५ या दशकात उमगले. ते उमगण्यात सर्वांत मोठा वाटा प्रतिपिंडांचा होता, म्हणजे कोविडच्या काळात अँटिबॉडी या नावाने घरोघरी पोचलेल्या रेणूंचा. विज्ञानाच्या इतिहासात प्रतिपिंडांची नोंद बहुधा साधनांच्या यादीत होते, सूक्ष्मदर्शक आणि अपकेंद्री यंत्राच्या शेजारी. मला ती नोंद अपुरी वाटते. या प्रकरणात प्रतिपिंडाने ग्राही कुठे आहे ते दाखवलेच, शिवाय ग्राही काम कसे करतो या प्रश्नाची मांडणीच बदलून टाकली.

प्रतिपिंड आणि ग्राही या दोन कल्पनांचे नाते मुळापासूनचे आहे. १८९० मध्ये बर्लिनला एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवून दिले, की धनुर्वाताचे विष टोचून प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याचे रक्तजल दुसऱ्या प्राण्याला त्या विषापासून वाचवते. १८९७ मध्ये पॉल एर्लिकने त्याची उपपत्ती मांडली. पेशीवर काही शाखा असतात, विष त्यांनाच चिकटते, पेशी त्या शाखा भरमसाट तयार करते आणि जादा शाखा रक्तात सुटतात. त्या सुटलेल्या शाखा म्हणजे प्रतिपिंडे, असे त्याचे म्हणणे होते. उपपत्तीचा तपशील पुढे टिकला नाही, कारण प्रतिपिंडे विशिष्ट पांढऱ्या पेशी बनवतात. पण पेशीच्या अंगावर बाहेरचा रेणू ओळखून धरणारी ठिकाणे असतात हा विचार तिथून रुजला. १९०५ मध्ये केंब्रिजच्या जॉन लँगलीने स्नायूंवरील निकोटीन आणि क्युरारे यांच्या परिणामांवरून असाच निष्कर्ष काढला. तरीही पुढची अनेक दशके ग्राही हे अनुमानच राहिले. औषध दिल्यावर परिणाम दिसतो, म्हणून मध्ये काहीतरी असले पाहिजे, एवढाच पुरावा हाती होता. ते ‘काहीतरी’ कुणी वेगळे काढून दाखवले नव्हते.

वृद्धिघटकांच्या अभ्यासात प्रतिपिंड शिरले ते अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. रिटा लेवी-मोन्तालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन तिथे चेतापेशींना वाढवणाऱ्या घटकाचा माग काढत होते. आधी सापाच्या विषात आणि मग नर उंदराच्या लाळग्रंथीत तो घटक विपुल सापडला. पण लाळग्रंथीतून काढलेले द्रव्य बाहेरून टोचल्यावर चेतापेशी वाढतात, एवढ्यावरून तो घटक शरीरात एरवी तेच काम करतो असे सिद्ध होत नाही. ते सिद्ध करण्यासाठी घटक काढून घेऊन पाहणे गरजेचे होते. सशाच्या शरीरात त्या घटकाविरुद्ध तयार केलेले रक्तजल नवजात उंदरांना टोचण्यात आले आणि त्यांच्या अनुकंपी चेतासंस्थेच्या गाठी जवळजवळ नाहीशा झाल्या. १९६० मध्ये हे प्रसिद्ध झाले. जनुके हवी तशी बंद करण्याची तंत्रे येण्याच्या कितीतरी आधी प्रतिपिंडाने वजाबाकीचा प्रयोग शक्य केला होता. त्याच लाळग्रंथीच्या अर्काने पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडतात आणि दातही लवकर येतात हे कोहेनच्या नजरेतून सुटले नाही. १९६२ मध्ये टेनेसी राज्यातल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातून त्याने त्यामागचे प्रथिन शुद्ध करून मांडले. तोच बाह्यत्वचा वृद्धिघटक, ज्याला ईजीएफ म्हणतात. अवघ्या ५३ अमिनो आम्लांचा हा रेणू पुढच्या सगळ्या कथेचा नायक ठरला. कोहेन आणि लेवी-मोन्तालचिनी यांना १९८६ चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी.

घटक हाती आला, तरी तो पेशीवर कशाला धरतो हे कळायला १९७५ उजाडले. व्हँडरबिल्टमध्येच ग्रॅहम कार्पेंटर आणि कोहेन यांनी ईजीएफवर किरणोत्सारी आयोडीन बसवले आणि मानवी फायब्रोब्लास्ट पेशींवर तो किती व किती घट्ट चिकटतो ते मोजले. एका पेशीवर ४०,००० ते १,००,००० जागा निघाल्या. दोनच वर्षांत ए-४३१ ही कर्करोगाच्या गाठीपासून वाढवलेली पेशीमालिका चर्चेत आली. तिच्या एकेका पेशीवर वीस ते तीस लाख ग्राही होते. १९७८ मध्ये याच पेशींच्या पटलावर ईजीएफ टाकल्यावर प्रथिनांवर फॉस्फेट बसवण्याचे काम वाढते असे दिसले, आणि १९८० मध्ये हा फॉस्फेट टायरोसीन या अमिनो आम्लावर बसतो हे ठरले. ही मोजमापे अत्यंत मोलाची होती. परंतु त्यांची एक मर्यादा मुळातच होती. प्रत्येक प्रयोगात चिकटणारा आणि चेतवणारा रेणू एकच, ईजीएफ. तो चिकटला की परिणाम होई, तो नसला की होत नसे. अशा प्रयोगांतून चिकटण्याचा भाग कोणता आणि चेतवण्याचा कोणता हे वेगळे करता येत नाही. एखादे द्रव्य वृद्धिघटकातून पेशीत जाते की काय, घटक आत शिरून केंद्रकाशी काही करतो की काय, या शंका तशाच उरत होत्या. ग्राहीला धरणारा, पण वृद्धिघटकाशी रचनेने काडीचेही साम्य नसलेला दुसरा रेणू हवा होता.

असा रेणू निसर्गाने आधीच बनवून ठेवला होता, आणि तो आजारी माणसांच्या रक्तात सापडला. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत काही रुग्ण आले होते. त्यांच्या कातडीवर काळपट, मखमली चट्टे होते आणि प्रचंड इन्सुलिन देऊनही त्यांची साखर उतरत नव्हती. १९७५ मध्ये जेफ्री फ्लायर, रोनाल्ड कान, जेसी रॉथ आणि रॉबर्ट बार यांनी दाखवले, की या रुग्णांच्या रक्तात इन्सुलिनच्या ग्राहीविरुद्धच प्रतिपिंडे आहेत आणि ती इन्सुलिनला ग्राहीवर बसू देत नाहीत. इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण हेच प्रतिपिंड प्रयोगशाळेत चरबीच्या पेशींवर टाकले, तेव्हा त्याने इन्सुलिनसारखेच काम केले. इन्सुलिन नसताना पेशी साखर ओढून घेऊ लागल्या. मग १९७८ मध्ये कान आणि सहकाऱ्यांनी या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग केला. प्रतिपिंडाला दोन सारखे बाहू असतात आणि प्रत्येक बाहू एक ग्राही धरू शकतो. त्यांनी विकराने प्रतिपिंड कापून एकेरी बाहू वेगळे केले. एकेरी बाहू ग्राहीला चिकटले, इन्सुलिनला त्यांनी अडवलेही, पण चेतवण्याचे काम थांबले. त्यानंतर या एकेरी बाहूंना एकमेकांशी जोडणारे दुसरे प्रतिपिंड टाकले, आणि चेतना परत आली. तोच बाहू, तोच ग्राही, तीच चिकटण्याची जागा; फरक इतकाच, की ग्राही आता एकमेकांजवळ ओढले गेले होते.

इन्सुलिनचा ग्राही आणि ईजीएफचा ग्राही हे एकाच कुळातले, हे तेव्हा अजून ठरायचे होते. पण ईजीएफच्या बाबतीतही पुरावा त्याच दिशेने साचत होता. १९७९ मध्ये योसेफ श्लेसिंजर, पेद्रो क्वात्रेकासास आणि सहकाऱ्यांनी रासायनिकरीत्या तोडलेला ईजीएफ वापरला. तो ग्राहीला चिकटे, पण पेशीला डीएनए बनवायला लावू शकत नसे. ईजीएफविरुद्धच्या दोन बाहूंच्या प्रतिपिंडाने तुटके रेणू जोडले की ती क्षमता परतत असे. याच सुमारास एक नवे तंत्र प्रयोगशाळांत पसरत होते. १९७५ मध्ये केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टीन यांनी प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी अमर अशा कर्करोगपेशीशी एकजीव केली आणि एकाच साच्याचे प्रतिपिंड अखंड मिळवण्याची वाट मोकळी केली. सशाच्या रक्तजलात अनेक तऱ्हेच्या प्रतिपिंडांची सरमिसळ असते. या मोनोक्लोनल प्रतिपिंडात प्रत्येक रेणू सारखाच असतो. त्यामुळे ग्राहीचा कोणता भाग धरल्यावर काय होते हे पहिल्यांदाच विचारता आले. १९८१ मध्ये इस्रायलमधल्या रेहोवोत येथील वाइझमन संस्थेत श्लेसिंजर, योसेफ यार्डेन आणि सहकाऱ्यांनी ईजीएफच्या ग्राहीविरुद्ध असे प्रतिपिंड तयार केले. त्याने वृद्धिघटकाचे लगेच दिसणारे आणि उशिरा दिसणारे असे दोन्ही प्रकारचे परिणाम घडवले. १९८३ मध्ये त्यांनी त्याचे एकेरी बाहू वापरले, तेव्हा चिकटणे राहिले आणि चेतवणे गेले. बाहू जोडल्यावर ते परत आले. दोन वेगळे ग्राही, दोन वेगळ्या प्रयोगशाळा, निष्कर्ष एक. वृद्धिघटकातून पेशीला काही साहित्य मिळावे लागत नाही, हे यातून निर्विवाद ठरले. ग्राहींना योग्य रीतीने शेजारी आणून ठेवणारा कोणताही रेणू पुरेसा होता.

त्याच काळात आणखी दोन गटांनी प्रतिपिंडे वेगळ्या हेतूने निवडली. लंडनच्या इम्पीरियल कॅन्सर रिसर्च फंडमध्ये मायकेल वॉटरफील्डच्या गटाला ग्राही शुद्ध करायचा होता. त्यांनी प्रतिपिंड स्तंभात बसवले, ए-४३१ पेशी आणि मानवी वार यांचा अर्क त्यातून सोडला आणि अडकलेला ग्राही गोळा केला. त्याच्या तुकड्यांतला अमिनो आम्लांचा क्रम वाचल्यावर सहा तुकडे एका जुन्या ओळखीच्या प्रथिनाशी जुळले. कोंबड्यांमध्ये रक्ताचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूचे जनुक ते प्रथिन बनवते. १९८४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. विषाणूने चोरलेल्या त्या प्रथिनात ग्राहीचा बाहेरचा, ईजीएफ धरणारा भाग जवळजवळ नव्हताच, तरी ते पेशीला सतत वाढायला लावत होते. दुसरीकडे सॅन डिएगोमध्ये जॉन मेंडेलसोन आणि गॉर्डन सातो यांनी मुद्दाम अशी प्रतिपिंडे शोधली, जी ईजीएफला अडवतील पण स्वतः ग्राहीला चेतवणार नाहीत. ५२८ आणि २२५ या क्रमांकांची त्यांची प्रतिपिंडे तशी निघाली. ५२८ च्या साहाय्याने त्यांनी १९८३ मध्ये हेही दाखवले, की ए-४३१ पेशींवर लाखो ग्राही असले तरी वाढीला चालना देतात ते त्यांतले घट्ट धरणारे अगदी थोडे. केवळ चिकटलेले रेणू मोजून हा निष्कर्ष निघाला नसता.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येऊ शकतो, की खरा निकाल जनुकशास्त्राने आणि स्फटिकशास्त्राने लावला; प्रतिपिंडे मध्यंतरीची सोय होती. ग्राहीचा संपूर्ण क्रम १९८४ मध्ये अ‍ॅक्सेल उलरिक आणि सहकाऱ्यांनी जनुकावरून वाचला, त्याची त्रिमितीय रचना २००२ मध्ये जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या गटांनी क्ष-किरणांनी टिपली, हे खरे आहे. पण जनुक शोधायला आधी प्रथिनाचे तुकडे लागले आणि ते शुद्ध प्रथिन प्रतिपिंडानेच पकडून दिले होते. शिवाय क्रम वाचल्याने रेणू कसा लिहिलेला आहे ते कळते, तो कसा वागतो ते कळत नाही. स्फटिकातली जोडी पाहून ‘ही जोडीच महत्त्वाची’ असे म्हणता आले, कारण जोडी जमणे हेच चेतवण्याचे मर्म असावे हे एकेरी बाहूंच्या प्रयोगांनी वीस-पंचवीस वर्षे आधी सुचवून ठेवले होते. रचनेने कल्पनेला आकार दिला. कल्पना मात्र आधीची होती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रतिपिंड हा वृद्धिघटकापेक्षा कितीतरी मोठा रेणू. ईजीएफ सुमारे सहा हजार डाल्टनचा, तर प्रतिपिंड दीड लाखाचा. तो दोन ग्राहींना बाहेरून बांधतो म्हणून वृद्धिघटकही तसेच करतो, हे अनुमान घाईचे नाही का? या आक्षेपात तथ्य आहे. २००२ च्या रचनांत दिसले, की ईजीएफ दोन ग्राहींमधला पूल होतच नाही. तो एकाच ग्राहीच्या दोन भागांना धरतो, त्याने ग्राहीचा आकार बदलतो, आत दुमडलेला एक बाहू बाहेर येतो आणि दोन ग्राही त्या बाहूंनी एकमेकांना धरतात. इन्सुलिनचा ग्राही तर आधीपासूनच जोडीने असतो. आणि २२५ सारखे दोन बाहूंचे प्रतिपिंड ग्राहींच्या जोड्या जमवते, तरीही वाढीचा संदेश पुढे जात नाही. म्हणजे नुसते जवळ येणे पुरत नाही. कोणत्या बाजूने, कोणत्या आकारात जवळ येतात यावर सारे ठरते. परंतु हे सगळे मुद्दे मूळ दाव्याला बळकटीच देतात. वृद्धिघटक पूल नसेल, तर चेतवण्याची यंत्रणा ग्राहीच्याच अंगात असली पाहिजे. काही प्रतिपिंडे चेतवतात आणि काही त्याच ग्राहीला धरूनही शांत ठेवतात, यातून चिकटणे आणि चेतवणे यांची फारकत अधिकच ठसठशीत होते. प्रयोगाचा निष्कर्ष टिकला. त्यावर घाईने चढवलेले चित्र तेवढे दुरुस्त झाले.

तिसरा आक्षेप साधनाच्या भरवशाचा. बाजारात विकत मिळणारी अनेक प्रतिपिंडे नाव एकाचे सांगतात आणि धरतात भलत्यालाच, ही तक्रार संशोधक वर्षानुवर्षे करत आले आहेत. २०१५ मध्ये अँड्र्यू ब्रॅडबरी आणि आंद्रेआस प्लकथुन यांनी शंभरहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्यांनिशी ‘नेचर’मध्ये मागणी केली, की प्रतिपिंडांची ओळख त्यांच्या जनुकक्रमाने ठरावी. ती मागणी रास्त आहे. पण वर सांगितलेले प्रयोग या दोषातून बऱ्याच अंशी मुक्त होते, आणि त्याचे कारण शिकण्यासारखे आहे. त्यांनी प्रतिपिंडाच्या लेबलवर विश्वास ठेवला नाही. तोच बाहू एकेरी आणि जोडलेला, असा स्वतःशीच ताडून पाहिला. जे बदलले ते एकच आणि जे मोजले ते दोन, चिकटणे आणि चेतवणे. प्रतिपिंड कशाला धरते याची थोडी अनिश्चितता असली तरी अशी रचना तिला पुरून उरते.

या तपासाचे फळ रुग्णालयांपर्यंत पोचले. मेंडेलसोन यांचे २२५ पुढे अंशतः मानवी रूपात बदलून सेटक्सिमॅब झाले आणि २००४ मध्ये आतड्याच्या कर्करोगासाठी अमेरिकेत मंजूर झाले. पुढे लवकरच स्पष्ट झाले, की गाठीतल्या केआरएएस जनुकात बिघाड असेल तर ते निरुपयोगी ठरते. संदेश ग्राहीच्या पलीकडेच सुरू असेल तर दारात अडवून उपयोग नाही. दुसरी शाखा मुंबईशी जोडलेली आहे. १९८२ मध्ये बोस्टनजवळ रॉबर्ट वाइनबर्गच्या प्रयोगशाळेत लक्ष्मीचरण पाढी यांनी गाठी झालेल्या उंदरांच्या रक्तजलातल्या प्रतिपिंडांनी १,८५,००० डाल्टनचे एक प्रथिन पकडले. पाढी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करत होते. ते प्रथिन ईजीएफच्या ग्राहीचे भावंड निघाले, आणि त्याच्या मानवी रूपाविरुद्धचे ट्रास्टुझुमॅब १९९८ पासून स्तनाच्या कर्करोगावर वापरात आहे. या भावंडाला स्वतःचा वृद्धिघटक आजवर सापडलेला नाही; कुलूप-किल्लीच्या चित्राला यापेक्षा ठोस उत्तर नाही. तंबाखूमुळे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग आपल्याकडे फार, आणि त्यांवर ईजीएफचा ग्राही पुष्कळ असतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात ५३६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. क्यूबात जन्मलेले निमोटुझुमॅब हे ग्राहीविरोधी प्रतिपिंड नेहमीच्या उपचारांना जोडल्यावर दोन वर्षांनी आजार न वाढलेल्यांचे प्रमाण ५० टक्क्यांवरून सुमारे ६२ टक्क्यांवर गेले. एकूण आयुष्यात मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरणारा फरक दिसला नाही. इथेही धरणे आणि परिणाम घडवणे यांत अंतर उरलेच.

म्हणून जीवशास्त्र शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. कुलूप-किल्लीचे चित्र फळ्यावर काढा, पण त्याच तासाला कान आणि श्लेसिंजर यांचे एकेरी बाहूंचे प्रयोगही सांगा. कोणताही नवा रेणू ग्राहीला धरतो अशी बातमी आली की दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: तो किती घट्ट धरतो, आणि धरल्यावर ग्राही काय करतो? पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही, हा धडा प्रतिपिंडांनी दिलेला आहे आणि तो आजही तितकाच खरा आहे.